डाव्या मनगटाचे चार महिने

मंगळवार, १ जुलै २०२५

दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या मनस्विनी मॅडम म्हणाल्या, "काका, रोज काय व्यायाम केला, काय हललं, ते वहीत लिहीत जा." म्हणून कृष्णाच्या कंपनीत वाटलेली डायरी घेतलीय. सव्वीस वर्षं एस.टी. चालवली, लॉगशीट भरायची सवय आहे. तसंच लिहितो.

नाव कडूबा दांडगे. वय त्रेपन्न. गाडी संभाजीनगर–पैठण, बिडकीनवरून. राहायला पडेगाव, मुलगा कृष्णा अन् सून सोनिया यांच्यासोबत. कृष्णाची आई जाऊन सात वर्षं झाली.

३ जूनला पडेगावच्या वळणावर खडीवरून मोटारसायकल घसरली. डावा दंड मोडला. हाड जुळतंय म्हणतात. पण त्या हाडाला वळसा घालून एक नस जाती, ती चेंगरली. त्यामुळं मनगट मान टाकलेल्या कोंबडीसारखं लोंबतंय. बोटं मिटतात, पण उघडत नाहीत.

शेजारी म्हणतात, डावा आहे, निभावलं. ड्रायव्हरला विचारा म्हणावं. गिअर डाव्या हातात असतो.

तीन-चार महिन्यांत हात आला नाय तर गाडी सुटली. मग डेपोत खुर्चीवरचं काम. खुर्चीवर बसून मी काय करू? मला माझी गाडी पाहिजे. बाकी कशाची इच्छा नाय.

हललं: काही नाही.

शुक्रवार, ४ जुलै

दवाखान्यातला व्यायामाचा विभाग म्हणजे एक लांब खोली. एका भिंतीला बाक, दुसऱ्या भिंतीला मोठा आरसा. शिपाई मोतीराम नंबर पुकारतो. मंगळवार-शुक्रवार यायचं.

माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. अर्धा चेहरा पदरात. मला वाटलं दाढ दुखत असंल. नंबर आला तशा उठल्या, आरशासमोर बसल्या अन् पदर काढला. डाव्या बाजूचं सगळं खाली उतरलेलं. डोळा उघडाच. तोंड उजवीकडं ओढलेलं. मी नजर दुसरीकडं केली, पण आरसा एवढा मोठा की जिकडं बघावं तिकडं त्याच.

त्याच बोलल्या. "काय झालं भाऊ हाताला?"

"गाडी घसरली. तुमचं?"

"काय सांगू. सकाळी उठले, चूळ भरली, तर अर्धं पाणी लुगड्यावर. घरात आत्याबाई म्हणाल्या, बोलतीस अशी काय? मी म्हणलं, कशी बोलतेय? आरशात बघितलं अन् खालीच बसले." ओठ एका बाजूनं हलत असल्यामुळं शब्द जरा फाकत होते. पण कळत होतं.

नाव आशाबाई. गुलमंडीत बांगड्यांचं दुकान आहे. वय पन्नाशीच्या आतबाहेर. महिना झाला दुकानात बसल्या नाहीत. म्हणाल्या, "बांगड्या भरायला नवऱ्या येतात भाऊ. त्यांच्यापुढं असलं तोंड घेऊन कसं बसू?"

हललं: काही नाही.

शुक्रवार, ११ जुलै

आज मॅडमनी एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाय. स्नायू फक्त ओढू शकतो. ढकलणं त्याला येतच नाय. म्हणून देवानं सगळीकडं जोड्या लावल्यात. कोपर वाकवायला पुढचा ओढतो, सरळ करायला मागचा. अन् एकानं ओढायचं तर त्या वेळी दुसऱ्यानं सैल व्हायचं. नाय झाला तर हात जागचा हलत नाय.

मी म्हणलं, "मॅडम, हे क्लच-ॲक्सिलेटरसारखं झालं. एक दाबत न्यायचा, दुसरा सोडत न्यायचा. दोन्हींत जरा चूक झाली की गाडी झटके खाती."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "अगदी बरोबर. आता मूठ आवळून दाखवा."

आवळली. जोरच लागंना. त्यांनी माझं लोंबतं मनगट खालून उचलून धरलं अन् म्हणाल्या, आता आवळा. एकदम जोर आला. मी चकित. म्हणजे मूठ आवळायची तरी मागच्या स्नायूंनी मनगट धरून ठेवावं लागतं. इतकी वर्षं गिअर टाकला, कधी ध्यानातच आलं नाय.

आशाबाई ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "मग माझं तोंड ह्या बाजूला का गेलं मॅडम? आजारी तर ही बाजू हाय."

"आजारी बाजू ओढतच नाही ना. चांगली बाजू एकटीच ओढते. पलीकडून धरणारं कुणी नाही, म्हणून सगळं तिच्याकडं जातं."

आशाबाईंनी आरशात चांगल्या बाजूवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "चांगल्या बाजूचीच चूक दिसती लोकांना."

बसमधून पडेगावला येताना हेच घोळत होतं. सोनियाला सगळं सांगितलं. जेवताना कृष्णालाही सांगितलं.

मंगळवार, १५ जुलै

मॅडमला आज उशीर होता. आम्ही बाकावर. आशाबाई म्हणाल्या, "दाखवा हात."

मी पट्टी सोडली. त्यांनी माझा हात घेतला. बायकांचा घेतात तसाच घेतला असंल, त्यांचं कामच ते. एका हातानं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं माझा पंजा दाबत दाबत अंगठ्याचं हाड आत घेतलं.

"सैल सोडा."

"सोडलाय."

"नाय सोडला. हे बघा, इथं घट्ट हाय. गिऱ्हाईक असंच करतं. बांगडी फुटंल म्हणून भितं अन् हात आवळतं. आवळला की फुटतीच. आमचं काम बांगडी घालायचं कमी अन् हात सैल करून घ्यायचं जास्त."

"मग कसा करता सैल?"

"बोलण्यात गुंतवते. गाव कोणतं, लग्न कधी हाय. बोलता बोलता माणूस हात विसरतं." मग मला म्हणाल्या, "तुमचं गाव कोणतं?"

मी सांगू लागलो. बिडकीनच्या अलीकडं आमची शेती, तिथली विहीर, थोरल्या भावानं लावलेल्या मोसंबी. किती वेळ बोललो माहीत नाय. मोतीरामनं नंबर पुकारला तवा बघितलं, तर हात त्यांच्या मांडीवर आपसूक पडलेला.

मॅडमनी तपासून विचारलं, "आज हात एकदम मऊ लागतोय काका. काय केलंत?"

म्हणलं, काही नाय.

मंगळवार, २२ जुलै

मॅडमनी आज स्नायूच्या आतलं सांगितलं. आत केसाहून कितीतरी बारीक धागे, जाड अन् पातळ, एकमेकांत घुसलेले. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून त्यांनी दाखवलं. मेंदूकडून हुकूम आला की धागे एकमेकांना धरून धरून आत सरकतात. धागा आखूड होत नाय, नुसता आत सरकतो. असे लाखो सरकले की स्नायू आखूड होतो अन् हाड ओढलं जातं.

मग म्हणाल्या, "आणि काका, पकडायला लागते तशी सोडायलासुद्धा ताकद लागते. ती नसेल तर धागे एकमेकांना धरूनच राहतात. म्हणून तर माणूस गेल्यावर काही तासांनी अंग ताठ होतं. सोडायची ताकद संपलेली असते."

मी तिथंच थांबलो.

कृष्णाची आई संध्याकाळी गेली. सकाळी बायका हळदकुंकू लावायला बसल्या, तिचा हात सरळ करू लागल्या, तर मूठ उघडंना. मी सात वर्षं समजत होतो की तिला काहीतरी सांगायचं राहिलं होतं. मी ड्यूटीवर होतो. पैठणहून गाडी आणेपर्यंत ती गेलेली. वाटायचं, ते न सांगितलेलं तिनं मुठीत धरलं.

बाहेर पायरीवर आशाबाईंना हे सांगितलं. कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "धरलं नव्हतं भाऊ तिनं काही."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मूलबाळ नाय. तेराव्याला भावकीतल्या बाया हात रिकामे करायला जमल्या, तर सासूनं, म्हणजे ह्या आत्याबाईनं, भागूबाईनं, सगळ्यांना बाजूला सारलं अन् स्वतः सुनेच्या हातात नव्या बांगड्या भरल्या. म्हणाली, दुकान हिनं चालवायचंय, रिकाम्या हाताची कासारीण कुणी बघितलीय? आता भागूबाईला डोळ्यांनी दिसत नाय. आशाबाईच तिचे डोळे.

आज घरी आलो तर छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. औषध लागू पडत असंल.

शुक्रवार, १ ऑगस्ट

आशाबाई आल्या नाहीत. मंगळवारीही नव्हत्या.

व्यायाम केला. मन लागलं नाय. उकाडा लई होता.

मंगळवार, ५ ऑगस्ट

हललं!

मॅडमनी अंगठा वर असा हात धरायला लावला, कोपर वाकवा म्हणाल्या अन् वरून दाबून धरलं. कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला, कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं काहीतरी उठलं. मॅडम ओरडल्याच, "आला! ब्रॅकिओरेडिॲलिस आला!" स्नायूचं नाव वहीत लिहून घेतलंय. म्हणाल्या, नस वरून खाली जागी होत येती, रोज एक मिलिमीटर. हा पहिला. आता मनगट, मग बोटं, सगळ्यात शेवटी अंगठा.

आशाबाई आरशासमोर होत्या. उठून आल्या अन् वाकून बघू लागल्या. "पुन्हा करा बरं." पुन्हा केलं. त्यांनी दोन बोटं तिथं ठेवली. "व्हय हो! जित्तं हाय!"

मागचे दोन वार का आल्या नाहीत ते त्यांनी आपणहून सांगितलं. भागूबाईला ताप होता. मी विचारणारच होतो.

कृष्णाला फोन करायचं राहून गेलं. संध्याकाळी घरी आल्यावर सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, एवढी मोठी गोष्ट, लगेच नाय का सांगायची?" खरंय. कसं राहिलं काय माहीत.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

उद्या राखी. आशाबाई पिशवीत राख्या घेऊन आल्या होत्या. मोतीरामला बांधली. पलीकडं गुडघ्याच्या व्यायामाला अप्पाराव म्हणून म्हातारे येतात, त्यांना बांधली. पेढा दिला.

मी उजवा हात जरा पुढं करून बसलो होतो. माझ्यापाशी आल्या, पेढा दिला अन् पुढं गेल्या. राखी नाय.

भाऊ, भाऊ म्हणतात महिनाभर. मोतीराम त्यांचा कोण लागतो? मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. राख्या संपल्या म्हणावं तर पिशवीत अजून दोन दिसत होत्या.

घरी सोनियाला सांगितलं. ती ओट्यापाशी भाकरी थापत होती. हातातली भाकरी तशीच धरून माझ्याकडं बघत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसू लागली. म्हणलं, ह्यात हसण्यासारखं काय आहे? म्हणाली, "काही नाय मामा. तुम्ही पेढा खाल्ला ना?"

आजकालच्या पोरींना माणसाचा अपमान कळत नाय.

मंगळवार, २ सप्टेंबर

मनगट उचललं. पूर्ण नाय, पण टेबलावर पंजा ठेवून तळहात वर आला. चार बोटं उंचीवर. मॅडम म्हणाल्या, जमिनीच्या ओढीच्या विरुद्ध उचललंत, ही मोठी पायरी.

आशाबाईंचा डोळा मिटायला लागलाय. ओठाचा कोपराही वर येतो. पदर आता खांद्यावर असतो. दोन महिने मी ह्या बाईचा चेहरा अर्धाअर्धाच बघितला. आज पहिल्यांदा अख्खा बघितला.

म्हणाल्या, "काय बघता?"

"डोळा मिटतोय चांगला."

"तुमचं मनगटही झकास आलं, ड्रायव्हरसाहेब."

भाऊ म्हणायचं विसरल्या. मागच्या आठवड्यातही विसरल्या होत्या.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज मी खोटं वागलो. वहीत तरी खरं लिहितो.

बोटं सरळ होतात आता. मॅडम म्हणाल्या, "आता अंगठा बाहेर काढून दाखवा. तो आला की तुमचं मंगळवार-शुक्रवारचं येणं बंद. महिन्यातून एकदा तपासणी, आणि फिटनेसचं पत्र देते."

अंगठा आलाय. बुधवारीच आला. घरी भिंतीसमोर दहादा करून बघितला. पण तिथं म्हणलं, "नाय येत मॅडम."

"प्रयत्न करा."

मी तोंड वाकडं करून जोर लावल्यासारखं केलं. अंगठा जागचा हलू दिला नाय. मॅडमनी मनगटाजवळ बोट ठेवलं, दुसरं बोट तळहाताच्या बाजूला. मग हळूच म्हणाल्या, "काका, उघडणारा स्नायू चांगला ओढतोय. आणि तुम्ही मिटणाऱ्यानं त्याला धरून ठेवलंय. दोन्ही बाजूंनी ओढलं की बाहेरून काहीच दिसत नाही. पण आत केवढी मेहनत होते. थकाल."

कान गरम झाले. पोरीच्या वयाची बाई ती.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आरशासमोरच्या खुर्चीकडं एकदा बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं अन् म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी या. मग मात्र पत्र देणार."

मी असं का केलं? मलाच तर गाडी पाहिजे होती. सव्वीस वर्षांत एक दिवस खोटी रजा टाकली नाय.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आशाबाईंचा शेवटचा दिवस. सोमवारपासून नवरात्र, दुकानाचे कामाचे दिवस. मॅडमनी त्यांना घरीच आरशापुढं व्यायाम करायला सांगितलं.

एक खोड राहिलीय म्हणे. नस परत वाढताना एखादा फाटा चुकीच्या स्नायूला जाऊन लागतो. ओठाचा हुकूम डोळ्यालाही पोचतो. म्हणून आता त्या हसल्या की डावा डोळा बारीक होतो. मॅडम म्हणाल्या, सरावानं कमी होईल. मला तर त्यात काही वाईट दिसलं नाय.

माझंही पत्र झालं. दोघं एकदमच पायऱ्या उतरलो. फाटकापाशी रिक्षा उभी होती. त्या म्हणाल्या, "या कधी गुलमंडीला. दुकानावर."

मी म्हणलं, "बांगड्याच्या दुकानात पुरुषाचं काय काम?"

त्या थांबल्या. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. म्हणाल्या, "तेही खरंय." अन् रिक्षात बसल्या.

मी बरोबरच बोललो. तरी रिक्षा वळेपर्यंत उभा होतो, अन् वळल्यावरही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

आज मंगळवार. सकाळी नऊला तयार होऊन दारात आलो, चप्पल घातली, मग ध्यानात आलं की कुठं जायचं नाय.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ड्यूटी मिळाली. सकाळची पैठण. डेपोतल्या लोकांनी हार घातला, नारळ फोडला. सीटवर बसलो. क्लच दाबला, डाव्या हातानं पहिला गिअर टाकला. पडला. लोण्यात सुरी गेल्यासारखा.

चार महिने ह्याच क्षणासाठी तळमळलो. महानुभाव आश्रमाचा चौक, कांचनवाडी, चितेगाव, सगळं जागच्या जागी. बिडकीनला ओळखीच्या माणसांनी हात केला. हातानं एकदाही दगा दिला नाय.

पैठणला गाडी लावली, इंजिन बंद केलं अन् तसाच बसून राहिलो. कंडक्टर अतुल म्हणाला, "काय कडूबामामा, हात दुखतोय का?"

म्हणलं, नाय.

"मग?"

मग काय ते मलाच सांगता येईना. गाडी मिळाली. हात मिळाला. जे पाहिजे ते सगळं मिळालं, अन् पोट भरल्यावर भूक लागावी तसं झालंय. कोणाला तरी सांगायचं होतं की गिअर पडला. ते सांगायला माणूस समोर नव्हतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज घरात बोलणं झालं.

सोनिया दिवाळीची खरेदी करायला गुलमंडीला गेली होती. आली ती दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या. मी काही विचारलं नाय. तीच म्हणाली, "मामा, त्यांनी विचारलं, ड्रायव्हरसाहेबांचा हात कसा हाय."

"तू काय सांगितलंस?"

"म्हणलं, हात बरा हाय. बाकीचं काही बरं नाय."

मी रागावलो. म्हणलं, "कुणी सांगितलं तुला असलं बोलायला?"

ती घाबरली नाय. म्हणाली, "मामा, तीन महिने तुम्ही ह्या घरात दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाय. आता महिना होत आला, कुणाचंच घेत नाय. आम्हाला दिसत नाय का? एकदा जाऊन या. नुसतं भेटून या."

कृष्णा टीव्ही बघत होता. त्यानं आवाज बंद केला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "पप्पा, आईची आठवण येत नाय का तुम्हाला?"

सात वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं.

मी म्हणलं, "रोज येती. सकाळी चहा घेताना येती, पैठणहून गाडी वळवताना येती."

"अन् तरी?"

"अन् तरी."

तो उठून अंगणात गेला. मोटारसायकलला उगाच फडकं मारत बसला. बऱ्याच वेळानं आत आला. माझ्यासमोर बसला अन् म्हणाला, "मला जरा जड जाईल. पण तुम्ही माझ्यासाठी थांबू नका."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. डावाच ठेवला गेला.

आज वहीत पहिल्यांदा लिहितो. मला आशाबाईंची ओढ लागलीय. लिहिल्यावर किती सोपं दिसतंय. एवढं कळायला मला तीन महिने लागले, अन् सोनियाला एक पेढा.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दिवाळी गेली. गाड्यांना गर्दी होती, जादा फेऱ्या केल्या. गेलो नाय गुलमंडीला. सुट्टी नव्हती हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं म्हणजे भ्यालो. ह्या वयात लोक काय म्हणतील त्याचं भ्या नाय. त्या काय म्हणतील त्याचं आहे.

रविवार, २ नोव्हेंबर

गेलो.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. सोनियानं रुमाल दिला. कृष्णानं गुलमंडीच्या तोंडापर्यंत सोडलं. म्हणाला, "परत येताना फोन करा." त्याच्याकडून एवढं म्हणजे लई झालं.

दुकान बोळासारखं अरुंद. दोन्ही बाजूंना छतापर्यंत काचेच्या बांगड्या. तुळशीचं लग्न म्हणून बायका होत्या. मी पायरीखाली उभा राहिलो. आशाबाई एका नवरीच्या हातात चुडा भरत होत्या, मान खाली, तिच्याशी काहीतरी बोलत. मान वर केली, मला बघितलं, अन् त्यांच्या हातातली बांगडी फुटली. नवरी दचकली. "काही नाय बाळा, माझाच हात आवळला," असं म्हणून त्यांनी दुसरी घेतली.

बायका पांगेपर्यंत मी पाऊण तास उभा होतो. पाय दुखले नाहीत.

मग त्या म्हणाल्या, "हात दाखवायला आलात?"

"नाय."

"मग?"

घरून ठरवून आणलेलं सगळं विसरलो. म्हणलं, "आशाबाई, गाडी मिळाली मला. पण मंगळवार-शुक्रवार जात नाय. दिवसभर काय झालं ते तुम्हाला सांगावं असं वाटतं. नाय सांगितलं की ते झालंच नाय असं वाटतं. लग्नाचं विचारायला आलोय म्हणा, नुसतं बोलायला आलोय म्हणा. तुम्ही म्हणाल ते."

त्या समोरच्या खोक्यातल्या बांगड्या सारख्या करत राहिल्या. रंगावर रंग लावत. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आत्याबाई हायेत तोवर मी ह्या घराच्या बाहेर पाय टाकणार नाय. मला तेराव्या दिवशी उभं केलं त्यांनी. उद्या तुम्ही म्हणाल, चल पडेगावला. मी यायची नाय."

"मी कुठं म्हणलं चला?"

"वर्षं लागतील, दोन लागतील, दहा लागतील. देवानं त्यांना लई आयुष्य द्यावं."

"द्यावं."

"लोक तुम्हाला हसतील."

"हसू द्या. मला रविवारी सुट्टी असती. बाकीचं तुमच्या सोयीनं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसलं नाय. तेवढ्यात दुकानाच्या मागच्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला. "कोण आलंय गं आशा? पुरुषाचा आवाज हाय."

आशाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील गिऱ्हाईक हाय, नायतर दवाखान्यातलं कुणी.

त्या म्हणाल्या, "आपलेच हायेत, आत्याबाई."

आत खाट वाजली. मग म्हातारी म्हणाली, "आपलेच तर मग पायरीवर का उभं केलंस? आत बोलाव. चहा टाक."

आत गेलो. भागूबाईनं माझा हात चाचपून बघितला, ड्रायव्हर का, म्हणाली, कोणत्या गाडीला, माहेर पैठणकडचं तिचं. तासभर बोलत होती. आशाबाई चहाची कपबशी घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. आम्ही दोघं एकमेकांशी फार काही बोललो नाय.

उद्या सकाळची पैठण. पुढची सुट्टी रविवारी. मधे सहा दिवस आहेत. लई आहेत.